आखूड धाग्याचा मुलूख

१८६३ साली इंग्लंडमध्ये बिअर बनवणाऱ्या एका कारखानदाराने बदनामीचा दावा लावला. त्याच्या कारखान्याला कुणीतरी ‘सुरती’ म्हटलं होतं. लँकेशायरमध्ये त्या दिवसांत माल हलका आहे, भेसळीचा आहे, एवढं सांगायला हा एक शब्द पुरायचा. तो शब्द आला होता हिंदुस्थानातून जाणाऱ्या कापसावरून. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली आणि ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी जवळजवळ चार पंचमांश कापूस यायचा थांबला. उरला तो मुख्यतः हिंदुस्थानचा. तो यंत्रावर सारखा तुटायचा. कामगाराची मजुरी सुताच्या वजनावर, त्यामुळे दिवसभर तुटके धागे जोडूनही हातात काही पडत नसे. प्रार्थनासभेत कापसासाठी देवाची करुणा भाकली जात असताना एका कामगाराने ‘पण सुरती नको’ अशी पुस्ती जोडल्याची गोष्ट त्या भागात पुढे बराच काळ सांगितली जाई.

सुरत हे नाव ढोबळ होतं. पश्चिम किनाऱ्यावरून जहाजात चढलेल्या कुठल्याही कापसाला ते चिकटायचं, आणि त्यात सुरतेपासून कितीतरी दूर, वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत पिकलेला कापूसही असे. बाजारात त्याला ‘उमरा’ असंही नाव मिळालं. अमरावतीचं जुनं नाव उमरावती, त्यावरून हे व्यापारी नाव पडलं. जरा बऱ्या प्रतीचा माल ‘हिंगणघाट’ म्हणून विकला जाई. वर्धा नदीच्या दोन्ही अंगांच्या या गावांची नावं लिव्हरपूलच्या दलालांच्या तोंडी अशी बसली. ज्या बाईने तो कापूस वेचला तिने लिव्हरपूलचं नावही ऐकलं नव्हतं.

कापसाचा तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर उगवलेला केस. एक तंतू म्हणजे एक पेशी. बोंड मिटलेलं असतं तोवर ती ओली आणि नळीसारखी गोल असते. बोंड फुटून ऊन लागलं की ती सुकते, चपटी होते आणि फितीसारखी स्वतःभोवती पीळ घेते. निसर्गाने घातलेल्या या पिळांमुळेच तंतू एकमेकांना धरून राहतात आणि त्यांचं सूत होऊ शकतं. अमेरिकेतल्या कापसाचा तंतू साधारण एक इंच लांब भरे. वऱ्हाडच्या देशी पऱ्हाटीचा पाऊण इंचाच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी. पाव इंचाचा हा फरक बोटांवर धरला तर दिसतही नाही. एका मुलखाची पुढची दीडशे वर्षं मात्र त्याच्याभोवती फिरली.

कारण गिरणीचं यंत्र. त्यात रुळांच्या जोड्या एकामागे एक असतात. मागची जोडी रुईचा सैल पेळू सावकाश आत घेते, पुढची तो वेगाने ओढते, आणि त्या ओढीत पेळू बारीक होतो. दोन जोड्यांमधलं अंतर तंतूच्या लांबीला जुळवून ठेवावं लागतं. तंतू आखूड निघाला तर मधल्या जागेत तो कुणाच्याच पकडीत नसतो. सूत कुठे जाड, कुठे विरळ निघतं आणि विरळ जागी तुटतं. लँकेशायरची यंत्रं इंचभर तंतूसाठी बसवलेली होती. वऱ्हाडचा कापूस वाईट नव्हता, तो त्या यंत्राच्या मापाचा नव्हता.

हाताने सूत काढणाऱ्या बाईला या आखूडपणाची अडचण वाटल्याचं कुठे दिसत नाही. कापूस घरात आला की आधी रेचा. त्याच्या दोन लाटा एकमेकींना घासत फिरतात, रुई त्यांच्या फटीतून पलीकडे जाते आणि सरकी अलीकडे टपटप गळते. वजनाने पाहिलं तर कापसात दोन भाग सरकी आणि एक भाग रुई. सरकी गुरांच्या आंबोणात जाई. मग पिंजारी धनुकली घेऊन येई. धनुकलीची तात रुईत धरून लाकडी ठोकळ्याने हाणली की तिच्या थरथरीने गुंते सुटतात, धूळ-पाचोळा खाली बसतो आणि रुई ढगासारखी वर येते. ती काडीवर गुंडाळून पेळू करायचे. चरख्याशी बसलेली बाई उजव्या हाताने चाक फिरवते, डाव्या हाताच्या चिमटीत पेळू. चाती फिरते, पीळ चढतो, हात मागे मागे सरकतो. धागा कुठे विरळ पडतोय हे डोळ्यांआधी बोटांना कळतं. तिथे चिमूट क्षणभर थांबते, जादा पीळ चढू देते, मग पुढे जाते. आखूड तंतूला पीळ जास्त लागतो, आणि तो किती द्यायचा याचा निर्णय त्या चिमटीत होतो. लोखंडी रुळाला हे साधत नाही.

या सुताची जाडीभरडी कापडं नागपूर-वर्ध्याकडे मोठ्या प्रमाणावर महार विणकर विणत. धोतरं-लुगड्यांचं तलम काम कोष्ट्यांकडे. शेत, रेचा, पिंजारी, चरखा, माग ही सगळी साखळी दहा-वीस कोसांत पुरी होई.

आणि ती फार जुनी होती. नेवाशाला प्रवरेच्या काठी १९५० च्या दशकात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाणयुगातल्या दफनांत तांब्याचे मणी सापडले. तांब्याच्या क्षारांमुळे मण्यांच्या आत धाग्याचा तुकडा कुजायचा राहिला होता. त्याची तपासणी ए. एन. गुलाटी यांनी केली आणि रेशमाबरोबर कापसाचा अंश त्यात ओळखला. याच गुलाटींनी १९२८ मध्ये टर्नर यांच्यासोबत मोहेंजोदारोच्या कापसाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. नेवाशाच्या धाग्याची तपासणी झाली ती मुंबईच्या माटुंग्यात, कापसासाठी १९२४ साली उभारलेल्या प्रयोगशाळेत. गिरण्यांना कोणता कापूस किती बारीक सूत देईल हे सांगण्यासाठी काढलेल्या त्या प्रयोगशाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या कुणा कातणाऱ्याचं काम आलं, हा योग मोठा सुंदर आहे.

रेल्वे यायच्या आधीही वऱ्हाडचा कापूस दूर जात होता. तो बैलांच्या पाठीवरून जाई. अमरावतीहून गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत, सुमारे ५०० मैल. १८४२ मध्ये अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने बैलांवर लादलेले १ लाख बोजे कलकत्त्याकडे रवाना केल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. वाटेतली धूळ, पाऊस, प्रत्येक मुक्कामावर जमिनीवर उतरवलेल्या गोण्या, हे सगळं त्या रुईत जाऊन बसे. गावच्या रेच्यातून स्वच्छ निघालेली रुई जहाजापर्यंत मळकी होई, आणि दोष पिकवणाऱ्याच्या माथी येई. मुंबई सरकारने भेसळ रोखण्यासाठी १८२९ मध्ये आणि पुन्हा १८६३ मध्ये कायदे केले. ईस्ट इंडिया कंपनीने १८४० च्या सुमारास अमेरिकेतून मळेवाले आणून त्यांच्याकडून लांब धाग्याचा कापूस लावून पाहिला. धारवाडकडे तो थोडाफार रुजला, इतर ठिकाणी फसला. देशी पऱ्हाटीची मुळं खोल जातात, पाऊस ओढ देतो तेव्हा ती तग धरते, तुडतुडे-मावा यांना ती फारशी दबत नाही. ज्या जमिनीत ती वाढली त्या जमिनीचा तो हिशेब होता. मळेवाल्यांना तो चार हंगामांत समजण्यासारखा नव्हता.

१८५३ साल या मुलखासाठी निर्णायक ठरलं. १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली आणि मे महिन्यात हैदराबादच्या निजामाने तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. या दोन घटनांमागचा दुवा कापूस होता. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा पुरस्कर्ता जॉन चॅपमन याने १८५१ मध्ये हिंदुस्थानच्या कापसावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं होतं. रूळ कुठे न्यायचे हे ठरवताना कापूस कुठे पिकतो हे पाहिलं गेलं.

मग आलं अमेरिकेचं युद्ध. मुंबईत पैशाचा पूर आला. नेहमीच्या कमाईवर सुमारे ८ कोटी १० लाख पौंड जादा आले असा हिशेब तेव्हाच्या लेखकांनी मांडला. त्यातून बँका निघाल्या, समुद्र हटवण्याच्या कंपन्या निघाल्या, शेअरांचा बाजार पेटला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि प्रेमचंद रायचंदांसारख्या शेअरबाजाराच्या राजालाही जमिनीवर यावं लागलं. त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर मुंबई विद्यापीठाच्या आवारात आजही उभा आहे. त्या बुरुजाखालून रोज जाणाऱ्या हजारोंपैकी किती जणांना ठाऊक असेल की त्याच्या दगडांत काळ्या मातीतला कापूसही आहे!

वऱ्हाडात या तेजीच्या खुणा मनोऱ्यांसारख्या दिसत नाहीत. त्या शोधाव्या लागतात जमिनीच्या वापरात. जिथे ज्वारी होती तिथे कापूस आला. हॅरी रिव्हेट-कारनॅक हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कॉटन कमिशनर. १८६० च्या दशकाअखेरीच्या त्याच्या अहवालांत या बदलाचा आराखडा विलक्षण मोकळेपणाने लिहिलेला सापडतो. त्याचं म्हणणं असं, की रेल्वेने विलायती कापड स्वस्तात आत आलं की गावठी कापड टिकणार नाही; मग जो कापूस गावातच कातला-विणला जातो तो निर्यातीला मोकळा होईल, आणि सूत काढणारे, विणणारे हात शेतमजुरीला मोकळे होतील. म्हणजे आधी वर्णन केलेली ती साखळी तुटावी, हीच अपेक्षा कागदावर होती. वऱ्हाडच्या इतिहासात याहून स्पष्ट कागद क्वचितच मिळेल. चरखा आपोआप मागे पडला असं म्हणणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

४ मार्च १८७० रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला आणि जलंब ते खामगाव या छोट्या फाट्याचं उद्घाटन झालं. अंतर अवघं ८ मैल. एवढ्याशा लोहमार्गासाठी व्हाइसरॉय यावा, यातच खामगावच्या कापूसबाजाराचं वजन कळतं. त्याच वर्षी समुद्रातून तारेचं जाळं मुंबईला जोडलं गेलं आणि लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडात काही तासांत पोचू लागला. खामगाव, अकोट, कारंजा, पुलगाव, यवतमाळ या गावांच्या कडेला जिनिंग-प्रेसिंगची धुराडी उभी राहिली. अमेरिकेतलं दातेरी जिन आखूड तंतू तोडायचं, म्हणून इथे रुळांचं जिन बसलं. हिंदुस्थानातली बहुतेक जिनं आजही दुहेरी रुळांचीच आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे अरुंद रूळ गेले. पुढे ‘शकुंतला’ म्हणून ओळखली गेलेली ही गाडी सुरू केली होती खासगी ब्रिटिश कंपनीने, आणि सुरू केली होती कापसासाठी.

गाडीवान शेतकरी मात्र बाजारात उभा राहिला की परका होई. भाव ठरे तो ‘हत्ता’ पद्धतीने. अडत्या आणि खरेदीदार उपरण्याखाली हात घालत, एकमेकांची बोटं दाबत, आणि उपरणं निघालं की सौदा झालेला असे. माल ज्याचा, तो दोन हातांवर उभा राहून उपरण्याची हालचाल पाही. त्यावर अडत, हमाली, तोलाई, कडता, धर्मादाय. या कापाकापीला आळा घालण्याचा देशातला पहिला प्रयत्न वऱ्हाडातच झाला. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने कारंजाचा कापूसबाजार नियंत्रणाखाली आला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समितीचं मूळ इथे आहे. स्वस्त, चांगला माल विलायतेला जावा हा सरकारचा हेतू होता हे खरं. तरी वजनकाट्यावर कुणाची तरी नजर आली, हेही खरं.

दोनच वर्षांनी, १८९९-१९०० मध्ये, छप्पन्नचा (विक्रम संवत १९५६ चा) दुष्काळ पडला. घरच्या कणगीत ज्वारी नव्हती, कापूस बुडाला, वेचणीची मजुरी गेली. आगगाडीने धान्य आलं तरी ते विकत घ्यायला लागणारा पैसा मजुराकडे नव्हता. ज्या रुळांवरून गाठी गेल्या त्याच रुळांवरून आलेलं धान्य स्टेशनवर पाहत माणसं मेली. कापसाच्या तेजीबद्दल लिहिताना ही ओळ गाळता येत नाही.

दरम्यान एक उलट गोष्ट नागपुरात घडली होती. जमशेटजी टाटांनी गिरणी काढायला मुंबई सोडून कापसाचा प्रदेश निवडला. व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं त्या दिवशी, १ जानेवारी १८७७ रोजी, एम्प्रेस मिल सुरू झाली. बेझनजी मेहता तिचे व्यवस्थापक. नवी रिंग चाती आधी तिथे आजमावली गेली आणि मग देशभर पसरली. मुंबई-नागपूरच्या गिरण्यांनी लँकेशायरशी बारीक सुतात स्पर्धा करण्याचा हट्ट धरला नाही. देशी कापसाला साजेल असं जाड, २० नंबर आणि त्याखालचं सूत त्यांनी काढलं आणि ते चीनच्या हातमागांपर्यंत पोचवलं. जपानी गिरण्यांनी तर हाच आखूड कापूस इतर कापसांत मिसळायचं तंत्र बसवलं आणि त्या हिंदुस्थानी कापसाच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांत जाऊन बसल्या. लँकेशायरने ज्याला निकामी म्हटलं तो तंतू, यंत्र त्याच्या मापाने बसवणाऱ्यांच्या हाती चांगला चालला.

पण बाजार वजनाला पैसे देत होता, आणि शेतकऱ्याने ते ओळखलं. पूर्वी ‘बनी’ नावाचा मऊ, त्यातल्या त्यात लांब धाग्याचा कापूस वऱ्हाडची शान होता. त्याची जागा भरड पण भरघोस ‘जरी’ने घेतली. मग पांढऱ्या फुलाची ‘रोझियम’ आली, जिच्यातून रुईचा उतारा जास्त पडे. अहवालांत शेतकऱ्यावर ठपका येत राहिला की तो चांगलं बियाणं टाकून हलकं लावतो. बारीक धाग्याला चार पैसे जास्त मिळाले असते तर बनी गेली नसती.

वर्ध्यात या सगळ्याला वेगळं उत्तर शोधलं गेलं. १९२५ मध्ये अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला, १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहायला आले, १९३८ मध्ये वर्ध्यात मगन संग्रहालय उघडलं. पेटीत मिटणारा येरवडा चरखा, हातातली टकळी, यांवर खटपट चालली होती. खादीचं मापही स्वतःचं होतं: चार फुटांची एक तार, ६४० तारांची एक गुंडी. यज्ञ म्हणून रोज ठरावीक तारा काढणारे कार्यकर्ते आश्रमांत होते. गिरण्या आणि निर्यात यांच्यासाठी बसवलेल्या मुलखाच्या ऐन मध्यावर, कापूस पुन्हा दहा कोसांत कातून-विणून दाखवण्याचा हा प्रयोग होता. त्याने गिरणीचं काही बिघडवलं नाही. पण चिमटीचं ते ज्ञान आणखी काही पिढ्या जिवंत राहिलं.

स्वातंत्र्याच्या वेळी देशातल्या कापसाच्या क्षेत्रापैकी सुमारे ९७ टक्के क्षेत्र देशी वाणांखाली होतं. फाळणीने सिंध-पंजाबचे लांब धाग्याचे पट्टे गेले, गिरण्या इकडे राहिल्या, आणि लांब धागा हा राष्ट्रीय कार्यक्रम झाला. १९७० मध्ये सुरतेत डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘एच-४’ हा व्यापारी लागवडीचा जगातला पहिला संकरित कापूस दिला. महाराष्ट्रात १९७२ मध्ये कापसाची सरकारी एकाधिकार खरेदी आली. २००२ मध्ये बोंडअळीला तोंड देणाऱ्या बीटी बियाण्याला परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच शिवारं अमेरिकन जातीच्या संकरांनी भरली. देशी पऱ्हाटी दोन-तीन टक्क्यांवर आली. १८४० मध्ये मळेवाल्यांना जे जमलं नव्हतं ते आता झालं, फक्त त्याच्याबरोबर दरवर्षी विकत घ्यायचं बियाणं आणि फवारणीचा पंप आला. गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानेनाशी झाली. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पाव इंच धाग्यासाठी दिलेल्या किमतीत ही माणसंही मोजायला हवीत.

परभणीच्या कृषी विद्यापीठाने अलीकडच्या दशकांत देशी जातीतच लांब धाग्याचे वाण तयार केले आहेत. झाड देशी, मुळं खोल, आणि धागा इंचाच्या वर. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतही जुन्या देशी वाणांचं बियाणं जपलेलं आहे. अडचण जिनिंगमध्ये येते. दोन गाड्या देशी कापूस घेऊन कुणी गेलं तर त्याच्यासाठी जिन वेगळं चालवायला कोण तयार होणार? तो कापूस बाकीच्यांत मिसळतो आणि त्याची ओळख त्या ढिगातच संपते. आखूड, भरड देशी रुईला आज मागणी आहे ती दवाखान्यातल्या कापसासाठी आणि गाद्यांसाठी, कारण ती पाणी चांगलं शोषते आणि लवकर दबत नाही.

वऱ्हाडात पहिल्या वेच्याच्या दिवशी अजून काही घरांत सीतादही करतात. धुऱ्याजवळ पऱ्हाटीला हळदकुंकू वाहायचं, दहीभात शिंपडायचा, मग वेचणीला हात लावायचा. काही अंगणांत, विहिरीच्या कडेला, देवकापसाचं झाडही असतं. ते वर्षानुवर्षं टिकतं आणि त्याचं बोंड बाजारात जात नाही. दुपारी कामं उरकल्यावर घरातली म्हातारी ओसरीवर बसते, सरकी नखांनी वेगळी करते, रुई बोटांनीच पिंजते. तळहातावर वळून फुलवाती होतात. उरलेल्या रुईची वस्त्रमाळ: चिमटीत ओढत ओढत लांब केलेली, पाण्याच्या बोटाने पीळ दिलेली, आणि मण्यामण्याच्या अंतरावर कुंकवाचा ठिपका लावलेली.